अर्धविराम

जुलैच्या हिवाळी सुट्टीत, पुंता अरेनासला
पाच वाजताच दिवस शटर ओढून घेतो.
तंत्रशाळेच्या वर्कशॉपात आम्ही अकरा मास्तर,
एक गॅसची शेगडी,
आणि सान्तियागोहून विमानाने आलेली कॉन्स्तान्सा.
तिच्या पेटीत निळ्या पाट्या, बोटाएवढ्या मोटारी,
आणि प्रत्येकाच्या गळ्यात अडकवायचं नाव.
माझ्या नावातलं एक अक्षर तिने खाल्लं होतं.
मी बोलले नाही.
सव्वीस वर्षं लेथपाशी उभ्या बाईला
लोक नावापेक्षा
तेलाच्या वासावरून आधी ओळखतात.

पहिला दिवस पुठ्ठ्याच्या पात्यांत गेला.
पवनचक्की करा, पंख्यासमोर धरा, फेरे मोजा.
सुतारकामाच्या म्हाताऱ्या यूरेला हसू आवरेना.
"या गावात? पंखा?"
आणि त्याने खिडकी उघडली.
हिवाळ्यात इथला वारा झोपलेला असतो म्हणतात,
त्याने नेमकी तेव्हाच कूस बदलली.
अकरा पवनचक्क्या, तीन दिवसांचं वेळापत्रक,
सगळं बॉयलरमागे जाऊन पडलं.
कॉन्स्तान्सा गुडघ्यांवर बसून कागद गोळा करताना
पहिल्यांदा मनापासून हसली.

दुसऱ्या दिवशी एक दिवा लुकलुकवायचा होता.
एवढंच. एक दिवा.
यूरेचासुद्धा लागला.
माझा नाही.
तारा काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या.
पडद्यावर एक लाल ओळ, परक्या भाषेतली,
माझ्याकडे बोट दाखवून उभी.
कानशिलं तापली.
चष्म्याचाच दोष, असं मी दोनदा मोठ्याने म्हणाले.
मग एकदम लघवीला जावंसं वाटलं,
आणि कळलं, वर्गातल्या पोरांना
नेमकी त्याच वेळी का लागते.

शेजारी निकानोर वायकिल.
पुएर्तो नातालेसला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आता.
एके काळी माझ्याच वर्गात, तिसऱ्या व्हाइसवर असायचा.
हातोडीचं डोकं घासायला दिलं होतं मी,
त्याची कानस सारखी एका अंगाला जायची.
किती दिवस बघत राहणार?
एका दुपारी कानस हिसकावून घेतली,
चार हातांत कडा सरळ केली, गुण्या लावला,
"तुझ्या हाताला बुद्धी नाही रे" म्हणाले,
आणि माझ्याच कामाला
दहापैकी नऊ दिले. त्याच्या नावावर.

तो उठला. माझ्या मागे आला.
दोन्ही हात कोटाच्या खिशात.
मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.
त्याने हात बाहेर काढले नाहीत.
"बाई, ही ओळ कुठे संपते?"
"इथे."
"त्याला कसं कळणार?"

शेगडी फुरफुरत होती.
कुणीतरी पाव भाजत होतं, त्याचा करपट वास.
तो उभा. मी बसलेली.
किती वेळ, कोण जाणे.
मग मला दिसला, म्हणजे नसलेला दिसला,
ओळीच्या टोकाशी
एक अर्धविराम.

दिवा लागला. विझला. लागला.
निकानोर आपल्या जागी गेला.
हातोडीबद्दल एक अक्षर काढलं नाही.
आठवत नसेल.
किंवा त्या दुपारीच त्याने ठरवलं असेल
हात कुठे ठेवायचे ते.
मी विचारलं नाही. तेवढं धैर्य
तीन दिवसांच्या शिबिरात येत नाही.

शेवटी फॉर्म भरायचा होता.
जेवण, एक ते पाच. खोलीची ऊब, एक ते पाच.
आपण काय नवीन शिकलात? तीन ओळी.
मी एकच शब्द लिहिला. कॉन्स्तान्साला वाटलं असेल
बाईंना प्रोग्रॅमिंग जमलं.

ऑगस्टमध्ये येर्को बार्रिया, तिसरा व्हाइस,
कानस एका अंगाला.
मी हात खिशात घातले.
आत निळ्या तारेचा एक तुकडा राहून गेला होता.
पंचावन्न मिनिटं मी तो वळवत राहिले.
कडा वाकडीच झाली.
घंटा वाजली, येर्को तुकडा उजेडात धरून
एक डोळा मिटून बघत होता.
"बाई, उद्या परत हाच देणार ना?"